स्पॅनिश भाषेंतील सणांचें अभीष्टचिंतन

दसऱ्याच्या सायंकाळीं अमरावतीस अंबादेवीच्या दर्शनाहून परतणाऱ्या मंडळींची रीघ लागते, तेव्हां जवळजवळ प्रत्येकाच्या हातांत आपट्याचीं पानें दिसतात. घरोघर जाऊन तीं पानें वडीलधाऱ्यांच्या हातीं द्यावयाचीं, वांकून नमस्कार करावयाचा आणि आशीर्वाद घेऊन पुढच्या घरीं जावयाचें, हा वऱ्हाडचा जुना परिपाठ आहे. अकोल्यासहि हेंच चित्र. त्या दिवशीं पानास आपण पान म्हणत नाहीं, सोनें म्हणतों. संक्रांतीस तीळ आणि गूळ हातावर ठेवून गोड बोलण्याचें वचन मागतों. पोळ्याला सजविलेला बैल दारीं आला म्हणजे त्याला ओवाळतों आणि त्याला घेऊन येणाऱ्याच्या हातावर कांहीं ठेवतों. या सर्व प्रसंगीं 'शुभेच्छा' या शब्दाची कोणास आठवणहि होत नाहीं. तो शब्द शुद्ध आहे, सुंदर आहे. परंतु तो छापील पत्रिकेंतला आहे. आपलें जुनें अभीष्टचिंतन हातांत कांहीं देतें, तोंडून कांहीं मागतें, आणि बहुतेक वेळां तें दारांत घडतें.

त्या दारावर दसऱ्याच्या दिवशीं झेंडूचें तोरण असतें. हा झेंडू आपण इतका आपलासा केला आहे कीं, तो परदेशांतून आला असें कोणी म्हटलें तर खरें वाटूं नये. तथापि वनस्पतिशास्त्राचा निर्णय स्पष्ट आहे. आपला मोठा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तो देश जिंकला, त्यानंतर हें फूल समुद्रापार गेलें आणि कालांतरानें हिंदुस्थानांत पोंचलें. मेक्सिकोंत त्याला 'सेम्पासूचिल' म्हणतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशीं तेथील लोक आपल्या मृतांच्या थडग्यांवर त्याच फुलांच्या राशी घालतात. ज्या देशाचें फूल दर वर्षीं आपल्या दारावर चढतें, त्या देशांत सणाच्या दिवशीं दारीं आलेल्या माणसास काय म्हणतात, हें जाणून घेण्याची इच्छा होणें स्वाभाविक आहे. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

हा विषय केवळ कुतूहलाचा मात्र नाहीं. वऱ्हाडची पूर्व सीमा म्हणजे वर्धा नदी. त्या नदीच्या पलीकडे, वर्ध्यास, पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचें घर होतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, स्वातंत्र्याच्या ध्यासानें भारलेला हा तरुण देशाबाहेर पडला. अमेरिकेंत त्यांनीं शेतकीचें उच्च शिक्षण घेतलें. १९१३ सालीं स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. पहिल्या महायुद्धांत ते इराणांत ब्रिटिशांविरुद्ध लढले, पुढें बर्लिन आणि मॉस्को येथें राहिले, आणि १९२४ सालीं मेक्सिकोस पोंचले. तेथें चापिंगो गांवच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयांत ते अध्यापक झाले. मका आणि गहूं यांच्या जातींवर त्यांनीं संशोधन केलें आणि गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतकी शाळा चालविल्या. आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें या गृहस्थांनीं स्पॅनिश बोलणाऱ्या समाजांत काढलीं. तेव्हां, मराठी माणसानें स्पॅनिश भाषेंत शेजाऱ्याचें अभीष्ट चिंतावयाचें म्हणजे काय करावयाचें, हा प्रश्न आपल्याच बाजूच्या एका माणसानें पूर्वींच सोडविलेला आहे.

प्रथम शब्दांकडे वळूं. ख्रिस्तजन्माच्या उत्सवास आपण 'नाताळ' म्हणतों. हा शब्द पोर्तुगीज लोकांकडून आपल्याकडे आला. त्यांचा मूळ शब्द 'नाताल', आणि त्याच्याहि मागें लॅटिन भाषेंतील जन्मवाचक शब्द आहे. स्पॅनिश लोकांनीं त्याच लॅटिन कुळांतील दुसरा शब्द घेतला, तो 'नाविदाद'. स्पॅनिश उच्चारांत व आणि ब यांत भेद नसल्यामुळें कानाला तो 'नाबिदाद' असा लागतो. म्हणजे आपला नाताळ आणि त्यांची नाबिदाद यांचें नातें चुलत भावंडांचें आहे. असेच दुसरेंहि नातें आपल्या स्वयंपाकघरांत आहे. आपला 'पाव' पोर्तुगीजांचा. स्पॅनिश लोक त्याच वस्तूस 'पान' म्हणतात. दोहोंची आजी एकच. १५८० पासून १६४० पर्यंत स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही राज्यांवर एकाच राजाची सत्ता होती, आणि त्या काळापुरता गोंव्याचा धनीहि स्पेनचाच राजा होता, हें या संदर्भांत ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कारभार मात्र पोर्तुगीजांच्याच हातीं राहिला, म्हणून आपल्या वांट्यास नाविदाद न येतां नाताळ आला.

आतां प्रत्यक्ष अभिवादनें पाहूं. नाताळांत म्हणावयाचें तें 'फेलीस नाबिदाद'. 'फेलीस' म्हणजे सुखी किंवा आनंदाची. स्पेनच्या बऱ्याच भागांत या शब्दाचा अंत्य वर्ण इंग्रजी 'थिंक' मधील थ सारखा ऐकूं येतो. मेक्सिकोंत आणि बाकीच्या स्पॅनिश अमेरिकेंत सरळ स. नववर्षाचें अभिवादन 'प्रोस्पेरो आन्यो नुएवो', म्हणजे भरभराटीचें नवें वर्ष. किंवा थोडक्यांत 'फेलीस आन्यो'. अनेक सणांस मिळून एकच शब्द हवा असेल तर 'फेलीसेस फिएस्तास', म्हणजे सण आनंदाचे. ईस्टरला 'फेलीसेस पास्क्वास' म्हणतात. परंतु पास्क्वा हा शब्द जुन्या वहिवाटीनें नाताळासहि लागत असल्यामुळें डिसेंबरांतहि तो ऐकूं आला तर चकित होऊं नये. उत्तर द्यावयाचें तें 'ग्रासियास, इग्वालमेन्ते'. म्हणजे आभार, आणि आपणांसहि तसेंच.

येथें मराठी माणसाला एक सोय आहे, ती इंग्रजी शिकलेल्यांच्या सहसा लक्षांत येत नाहीं. स्पॅनिशमध्यें पूर्ण वाक्यानें अभीष्ट चिंतावयाचें झाल्यास 'के पासे उस्तेद उना फेलीस नाबिदाद' असें म्हणतात. यांतील 'पासे' हें क्रियापद इच्छा दाखविणारें आहे. आपण 'दिवाळी सुखाची जावो' असें म्हणतों, त्यांतील 'जावो' हेंच तें रूप. चालू इंग्रजींत हें रूप जवळजवळ नामशेष झालें आहे, म्हणून इंग्रजीच्या द्वारें स्पॅनिश शिकणारा विद्यार्थी येथें अडखळतो. मराठीच्या द्वारें शिकणाऱ्यास तें जिभेवर आधींच असतें. तसेंच लिंगवचनांचें. वर्ष पुल्लिंगी आहे म्हणून 'प्रोस्पेरो'. शब्द स्त्रीलिंगी असता तर 'प्रोस्पेरा' झालें असतें. सुखाचा, सुखाची, सुखाचें असा फेर जन्मापासून करणाऱ्यास यांत शिकण्यासारखें फारसें कांहीं नाहीं.

आदराची गोष्टहि अशीच आहे. वरील वाक्यांतील 'उस्तेद' हा शब्द 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', या संबोधनाचा झिजून झालेला अवशेष आहे. त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येतें. समोरच्या माणसाशींच बोलत असून जणूं तिसऱ्याविषयीं बोलावें, असा हा विनय. 'स्वारी केव्हां आली?' असें आपण प्रेमानें किंवा अदबीनें विचारतों, तेंच धोरण. मित्रास, बरोबरीच्यास आणि लहानास 'तू' चालतें. आणि योगायोग असा कीं स्पॅनिशमध्येंहि त्या सर्वनामाचा उच्चार 'तू' असाच आहे. मित्राला 'के पासेस' म्हणावें, गुरुजींना 'के पासे' म्हणावें. हा भेद जो पाळील, त्याच्या उच्चारांत चार चुका झाल्या तरी लोक त्या मनावर घेणार नाहींत. जो पाळणार नाहीं, त्याचा शुद्ध उच्चारहि उद्धट वाटेल.

लेखनांत दोन सूचना अवश्य आहेत. वर्षवाचक 'आन्यो' या शब्दांत न या अक्षरावर एक नागमोडी रेघ असते. ती विसरल्यास वर्षाच्या जागीं शरीराच्या अशा भागाचा उल्लेख होतो कीं, ज्याचें नांव सभ्य मंडळींत घेत नाहींत. आपल्या ञ या अक्षराचें काम करणारी ती रेघ आहे. ती घालण्यास विसरूं नये. दुसरी गोष्ट अशी कीं, उद्गारचिन्ह वाक्याच्या शेवटीं तर येतेंच, पण आरंभींहि तें उलटें करून घालतात. स्पेनच्या भाषाअकादमीनें १७५४ सालीं हा नियम घालून दिला. वाचणाऱ्यानें पहिल्या शब्दापासूनच आवाज चढवावा, हा त्यांतील हेतु.

परंतु शब्द पाठ झाले म्हणजे अभिवादन आलें असें नव्हे. हे शब्द कोणत्या दिवशीं, कोणत्या चालीरीतींत उच्चारले जातात, हें त्यांच्या इतिहासावांचून समजत नाहीं. आणि हा इतिहास सर्वस्वीं गोड नाहीं. १५२१ च्या ऑगस्टमध्यें स्पॅनिश सैन्यानें मेशिका लोकांची राजधानी जिंकली आणि तिच्याच अवशेषांवर आजचें मेक्सिको शहर उभें राहिलें. त्या लोकांचा हुइत्सिलोपोच्त्ली नांवाचा युद्धदेव होता. त्याचा उत्सव वर्षअखेरीस थंडीच्या दिवसांत होत असे. मिशनऱ्यांनीं देव बदलला, पण दिवस बदलले नाहींत. आकोलमान नांवाच्या गांवीं ऑगस्टीन पंथाचा मठ होता. तेथील प्रमुख दिएगो दे सोरिया यांनीं १५८७ सालीं पोपकडून अनुज्ञा मिळविली आणि नाताळापूर्वीं नऊ दिवस उघड्या पटांगणांत प्रार्थना सुरू केल्या. आकोलमान या नांवांत आपल्याला अकोल्याचा भास होतो. संबंध अर्थातच कांहीं नाहीं. पण हें गांव चापिंगोपासून फार दूर नाहीं, हें सांगितलें पाहिजे. म्हणजे खानखोजे जेथें शिकवीत होते, त्याच परिसरांत या चालीचा उगम आहे.

त्या नऊ दिवसांचे पुढें 'पोसादा' झाले. पोसादा म्हणजे उतरण्याची जागा, आपली धर्मशाळा. १६ डिसेंबरपासून २४ डिसेंबरपर्यंत रोज सायंकाळीं लोक मेणबत्त्या घेऊन एखाद्या शेजाऱ्याच्या दारीं जातात. प्रसूतीचे दिवस भरलेली मरिया आणि तिचा पति योसेफ यांना बेथलेहेमांत कोणी आसरा दिला नाहीं, त्या प्रसंगाची ही आठवण. अर्धे लोक बाहेर राहून गाण्यांतून आसरा मागतात. अर्धे आंत राहून गाण्यांतूनच नकार देतात. घरधनी कधीं संशय घेतो, कधीं दरडावतो. शेवटीं आलेले कोण हें ओळखून दार उघडलें जातें, आणि मग सर्वांचें एकच गाणें, खाणेंपिणें आणि मुलांसाठीं 'पिन्याता' फोडणें. पिन्याता म्हणजे मिठाई आणि फळें भरून टांगलेलें रंगीत मडकें; डोळे बांधलेलें मूल काठीनें तें फोडतें. आपल्या गोविंदांच्या हंडीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. 'फेलीस नाबिदाद' या शब्दांचा खरा अर्थ त्या उघडलेल्या दारांत कळतो.

नऊ दिवस संपल्यावर येणाऱ्या रात्रीला 'नोचेबुएना', म्हणजे चांगली रात्र, असें नांव आहे. मेक्सिकोंत हेंच नांव एका झाडालाहि दिलेलें आहे. थंडीच्या दिवसांत ज्याचीं वरचीं पानें लाल होतात, तें पॉइन्सेटिया नांवाचें झाड आपल्याकडे बागांतून आणि कुंड्यांतून दिसतें, तेंच हें. आणि तेंहि मूळचें मेक्सिकोचेंच. या दिवसांत नोकरचाकरांस जी बक्षिसी देतात तिला 'आगिनाल्दो' म्हणतात. आपली दिवाळीची पोस्त ती हीच. फरक एवढाच कीं, १९७० च्या मेक्सिकन श्रमकायद्यानें तिला हक्काचें स्वरूप दिलें, आणि २० डिसेंबरपूर्वीं निदान पंधरा दिवसांचा पगार या रूपानें देणें मालकावर बंधनकारक झालें. तोंडच्या अभीष्टचिंतनाबरोबर हातावर कांहीं पडलें पाहिजे, हें तत्त्व तेथें कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसलें.

सणांची ही माळ ६ जानेवारीस पुरी होते. पूर्वेकडून तिघे ज्ञानी राजे ताऱ्याच्या मागोमाग बाळ येशूच्या दर्शनास आले, तो हा दिवस. त्या दिवशींचें अभिवादन 'फेलीस दीआ दे रेयेस'. या तिघांपैकीं गास्पार याचें नांव वायव्य हिंदुस्थानांत राज्य करून गेलेल्या गोंडोफारेस या राजाच्या नांवावरून आलें असावें, असें कांहीं विद्वान मानतात. त्या दिवशीं कड्याच्या आकाराचा गोड पाव कापतात आणि त्यांत एक लहान बाहुली लपविलेली असते. ज्याच्या तुकड्यांत ती निघेल, त्यानें २ फेब्रुवारीस सर्वांना जेवूं घालावयाचें. सण संपतांना पुढच्या भेटीचें निमंत्रण आधींच ठरलेलें असतें.

जेत्यांची भाषा जितांच्या सणांत अशी कशी मुरते, याचें नवल वऱ्हाडांतील श्रोत्यांस तरी वाटूं नये. अचलपुरास १४९० पासून १५७४ पर्यंत इमादशाही नांदली. पुढें मोंगल आले, निजाम आले. त्यांच्याबरोबर आलेला 'मुबारक' हा अरबी शब्द आज ईदेच्या दिवशीं अकोल्याच्या आणि अमरावतीच्या गल्लींतून हिंदु शेजाऱ्याच्या तोंडीं सहज येतो. इतकेंच नव्हे, तर कापसाच्या व्यापारानिमित्त येथें स्थायिक झालेले गुजराती गृहस्थ दिवाळीच्या पाडव्यास 'साल मुबारक' म्हणतात. फारसी आणि अरबी अशा दोन शब्दांनीं हिंदूंच्या नववर्षाचें स्वागत होतें, आणि त्यांत कोणास विसंगति वाटत नाहीं. राज्यें गेलीं, शब्द राहिले. कारण ते शब्द शेजाऱ्यानें शेजाऱ्याच्या दारांत उच्चारले. स्पॅनिश भाषेचें मेक्सिकोंत हेंच झालें. १८२१ सालीं स्पेनची सत्ता तेथून गेली, परंतु 'फेलीस नाबिदाद' गेलें नाहीं.

आतां पुन्हां खानखोज्यांकडे वळूं. ब्रिटिश सरकारनें या माणसाला मायदेशाचें दार बंद केलें होतें. मेक्सिकोनें त्यांना आसरा दिला, काम दिलें, मान दिला. मेक्सिको शहरांत शिक्षणखात्याच्या इमारतींत दिएगो रिवेरा या विख्यात चित्रकारानें काढलेलें एक भित्तिचित्र आहे. त्याचें नांव 'एल पान नुएस्त्रो', आमची भाकर. एका मेजाभोवतीं निरनिराळ्या वर्णांचीं माणसें जमलीं आहेत, आणि मध्यभागीं एक सांवळा पुरुष पाव मोडून सर्वांना वाटतो आहे. हा पुरुष रिवेरानें खानखोज्यांवरून रेखाटला असें मानतात. ज्याला स्वतःच्या देशांत पाऊल टाकण्याची मनाई होती, तो परक्या देशाच्या भिंतीवर यजमान होऊन बसला आहे.

स्वातंत्र्य मिळाल्यावरहि हें दार लगेच उघडलें नाहीं. जुन्या अमदानीच्या बंदीचा अडथळा कांहीं काळ पुरला. १९४९ मध्यें ते एकदां येऊन गेले आणि पुढच्या दशकांत कायमचे परत आले. नागपुरास त्यांनीं बिऱ्हाड केलें आणि तेथेंच २२ जानेवारी १९६७ रोजीं त्यांचा अंत झाला. २०२२ सालीं चापिंगोच्या विद्यापीठांत त्यांचा पुतळा बसविण्यांत आला आणि त्याचें अनावरण करण्यास भारताच्या लोकसभेचे अध्यक्ष गेले होते. पोसादाच्या गाण्यांत घरधनी प्रथम नकार देतो आणि मग आलेल्याला ओळखतो. आपण या माणसाला ओळखण्यास फार वेळ लावला, हें कबूल केलें पाहिजे.

म्हणून स्पॅनिश भाषेंत सणाचें अभिवादन कसें करावें, या प्रश्नाचें माझें उत्तर थोडक्यांत असें आहे. शब्द वर सांगितले आहेतच; ते एका सायंकाळीं पाठ होतील. वडीलधाऱ्यांस 'उस्तेद' म्हणावें. नागमोडी रेघ विसरूं नये. उत्तर आल्यावांचून दारांतून परतूं नये, आणि रिकाम्या हातानें तर जाऊंच नये. एवढें ज्याला कळलें, त्याला स्पॅनिश रीत कळली. आणि आपट्याचीं पानें हातांत घेऊन ज्यानें लहानपणीं दहा घरचे उंबरे ओलांडले, त्याला ती निम्मी आधींच कळलेली असते. आपल्या शहरांतील कित्येक घरांतील मुलें आज नोकरीनिमित्त दूर देशीं राहतात. त्यांपैकीं कोणी स्पॅनिश मुलखांत असेल, तर त्याला हें जरूर कळवावें. आणि उलट बाजूनें, एखादा परका माणूस डिसेंबरांत किंवा दसऱ्याला आपल्या दारीं आला आणि मोडक्यातोडक्या मराठींत "सोनें घ्या" म्हणाला, तर त्याच्या व्याकरणाकडे न पाहतां त्याला आंत घ्यावें. तोरणावरचें फूलहि एके काळीं असेंच परकें म्हणून आलें होतें.